केनिया सफारी, टूर कंपनीशिवाय, नागपूरहून चौघं: आराखडा बघून सांगा

संत्राबर्फी

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपूरचे, त्यामुळे जंगल नवीन नाही. ताडोबा, पेंच, नागझिरा, उमरेड-कऱ्हांडला, दर हंगामात काही ना काही होतंच. परदेश मात्र आतापर्यंत टूर कंपनीच्या बसमधूनच पाहिला. हातात झेंडा धरलेला मुलगा पुढे आणि "काकू, पंधरा मिनिटांत परत या" ऐकत आम्ही मागे. या वेळी ते नको. सगळं आपलं आपण ठरवायचं आणि केनियाला जायचं, असं घरात ठरलंय. घरात ठरलंय म्हणजे मी ठरवलंय, बाकीच्यांनी माना डोलावल्या.

माणसं चार. मी ५४ वर्षांची. आमचे हे ५९, उजवा गुडघा कुरकुरतो. अमरावतीची बहीण, शुद्ध शाकाहारी. आणि तिचे मिस्टर, वय ६३, यांच्याकडे एक हातभर लांब लेन्स आहे जी विमानात मांडीवर घेऊन बसणार म्हणतात. भाऊजींना नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप हवेत. बहिणीला सिंह हवा. ह्यांना जेवण वेळेवर हवं. मला जंगलाइतकंच शहरही पाहायचंय. इतक्या लांब जाऊन नैरोबी नुसती विमानतळापुरती बघायची, हे काही मला पटत नाही.

माझा आराखडा असा: पहिली रात्र नैरोबी. मग दोन रात्री अंबोसेली (किलिमांजारोसमोर हत्ती, तो फोटो). तिथून थेट नैवाशा एक रात्र, नाकुरू एक रात्र, मसाई मारा दोन रात्री, परत नैरोबी एक रात्र, मग रेल्वेने मोंबासा दोन रात्री आणि घरी. सप्टेंबरचा विचार आहे, कारण गणपती झाले की मला बँकेतून रजा मिळते.

विचारायचं ते असं की हे जास्त होतंय का? गाडी आणि ड्रायव्हर विश्वासाचा कसा शोधायचा? विमान मुंबईहून थेट घ्यावं की नागपूरहून दोहामार्गे? आणि पिवळ्या तापाची लस खरंच लागते का, की एजंट लोक उगाच घाबरवतात?

टेकडी_गणेश

ताई, जंगलं पाहाले जाऊन राहिल्या की टोलनाके मोजाले? दहा-अकरा दिवसात अख्खा केनिया! भाऊजींची लेन्स बॅगेतून निघनच नाही, लिहून घ्या.

बाकी बर्डीवाली ताई येऊ द्या, त्या सांगतीन बरोबर.

बर्डीवाली

आले. कोणीतरी नाव घेतलं की यावंच लागतं.

संत्राबर्फीताई, आधी नकाशा उघडा. अंबोसेली नैरोबीच्या दक्षिणेला, टांझानियाच्या हद्दीला चिकटून. मारा पश्चिमेला. त्या दोघांना जोडणारा धड रस्ता नाही, फिरून नैरोबीकडे यावंच लागतं. तुमचा अंबोसेली ते नैवाशा हा दिवस म्हणजे सहा-सात तास गाडी, आणि पोहोचल्यावर अंधार. नाकुरू ते मारा, पुन्हा तेच. कागदावर तुम्ही चार जंगलं लिहिलीत, पण जंगलात बसायचे तास मोजलेत तर निम्म्याहून जास्त वेळ डांबरी रस्त्यावर जाणार आहे.

मी असते तर मारात चार रात्री, नैवाशात दोन, उरलेल्या नैरोबीत. अंबोसेली आणि मोंबासा या खेपेला सोडा.

आता कारण सांगते, कारण आपल्याकडच्या माणसांना हे लवकर पटत नाही. ताडोब्याने आपल्याला एक सवय लावली आहे. सकाळची पाळी, दुपारची पाळी, मध्ये जेवण आणि झोप. चार तासांत वाघ दाखवायचा म्हणून गाइड एका कॉलवरून (म्हणजे हरणा-माकडांच्या इशाऱ्याच्या ओरडण्यावरून) दुसऱ्या कॉलकडे जिप्सी पळवतो. दिसला तर पैसे वसूल, नाही दिसला तर परतीच्या वाटेवर सगळे गप्प. मारात ही पाळीच नाही. सकाळी सहाला आत शिरायचं, डबा बरोबर घ्यायचा, झाडाखाली खायचं, संध्याकाळी सहाला बाहेर. उघडं गवताळ रान आहे. तिथे कान लावून बसायची गरज पडत नाही, नजर लांब टाकावी लागते. टोपी नावाचं एक हरीण वारुळावर चढून उभं राहतं. ते सगळे एकाच दिशेला टक लावून बघायला लागले की ड्रायव्हर गाडी तिकडे वळवतो.

आणि सिंह तुमच्या बहिणीला बहुतेक पहिल्याच दिवशी दिसेल. मग पुढे काय? दोन रात्रींच्या सहलीत "झालं, आता बिबट्या शोधा" असं सुरू होतं. तीन पूर्ण दिवस असले की तुम्ही त्याच कळपाकडे परत जाता. काल शिकार कुठे झाली, पिल्लं कोणत्या झुडपात ठेवली आहेत, हे ड्रायव्हरला ठाऊक असतं. लंगडणारी सिंहीण दुसऱ्या दिवशी ओळखू येते. सफारी करायची तर ती यासाठी, असं माझं मत आहे, आणि हे दोन रात्रींत होत नाही.

एक गंमत सांगू? मारा रिझर्व्ह साधारण १,५१० चौरस किलोमीटर आहे. आपला ताडोबा-अंधारी बफर धरून १,७२७. म्हणजे मारा आकाराने लहान! आत गेल्यावर ते कोणालाच खरं वाटत नाही, कारण नजर अडवायला बांबू नाही.

आता पैशाचं. माराची फी नारोक काउंटीकडे जाते आणि ती हंगामाप्रमाणे बदलते. परदेशी प्रौढ माणसाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २००. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. चौघं, तीन दिवस, सप्टेंबर: २,४०० डॉलर नुसते गेटवर. फेब्रुवारीत बरोबर निम्मे. म्हणून तंबू सेकेनानी किंवा तालेक गेटच्या बाहेर घ्या, पोहोचलात त्या संध्याकाळी आत शिरू नका, निघायच्या सकाळीही नको. त्या दोन अर्धवट फेऱ्यांचे पैसे वाचतात आणि पाठीला आराम मिळतो.

महिन्याचा निर्णय भाऊजींवर आहे. क्रॉसिंग, म्हणजे कळपांचं नदी ओलांडणं, साधारण जुलै अखेर ते ऑक्टोबर, पण त्याचं वेळापत्रक कोणाकडे नसतं. कळप मारा नदीच्या काठाशी येतो, दोन तास उभा राहतो, पहिलं जनावर पाण्यात पाय घालतं आणि सगळे उलट फिरून चरायला जातात. समोर पंचवीस गाड्या उभ्या. ज्याला हे चालतं त्याने सप्टेंबरात जावं. बाकी सिंह, चित्ता, बिबट्या, हत्ती मारात बारा महिने आहेत. फेब्रुवारीत गर्दी कमी आणि फी निम्मी. मे महिन्यात मात्र जाऊ नका, मुलांच्या सुट्ट्या म्हणून बरेच नागपूरकर तोच धरतात. मार्च अखेरपासून मेपर्यंत तिथला मोठा पाऊस असतो आणि माराची माती आपल्या विदर्भासारखीच काळी, कापसाची. ओली झाली की गाडी कशी बसते ते तुम्हाला सांगायला नको. जुलै ते सप्टेंबर आपल्याकडे कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद असतं, तेव्हा तिकडे जाणं हा हिशेब चांगला जमतो.

स्वेटर न्या. आफ्रिका म्हणून सगळे सुती कपडे भरतात. नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे, मारासुद्धा उंचावर. पहाटे उघड्या टपाच्या गाडीत उभं राहिलं की कानटोपी आठवते.

गाडीचं आणि ड्रायव्हरचं रात्री लिहिते, कुकर झाला.

मेडिकल_चौक

लसीबद्दल स्पष्ट सांगतो, कारण इथे दरवेळी गोंधळ होतो.

भारतातून थेट येणाऱ्याला केनिया पिवळ्या तापाचं कार्ड मागत नाही. मागतो तो भारत, परत येताना. केनिया आपल्या आरोग्य खात्याच्या यादीत आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत कार्डाशिवाय भारतात उतरलात तर विलगीकरणात ठेवू शकतात. दोहामार्गे आलात तरी सुटका नाही, कारण तुम्ही आधी कुठे होतात हे पासपोर्टवर दिसतं. म्हणजे एजंट या बाबतीत खोटं बोलत नाहीये.

लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, पिवळं कार्ड तिथूनच मिळतं. एका कुपीत अनेक डोस असतात आणि ती उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारी माणसं जमवून टोचतात. फोन करून वार विचारा. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. एकदा घेतली की २०१६ पासूनच्या नियमाने ती आयुष्यभर चालते.

तुमच्या भाऊजींचं वय ६३ आहे, म्हणून वेगळं लिहितो. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामाची शक्यता कमी असली तरी तरुणांपेक्षा जास्त असते. अंड्याची तीव्र अॅलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, थायमस ग्रंथीचा आजार, यातलं काही असेल तर लस देत नाहीत. विमानाचं तिकीट काढण्याआधी त्यांनी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन यावं. तिकीट काढून मग विचारणारे मी फार पाहतो.

मारात मलेरिया आहे. गोळ्या दोन-तीन प्रकारच्या मिळतात. काही परतल्यावर आठवडाभर घ्यायच्या, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे. कोणती ते डॉक्टर ठरवतील. घरी आल्यावर "आता काय गरज" म्हणून बंद करायच्या नाहीत.

सातपुडा_फिरस्ता

मी वेगळं सांगणार आहे, बर्डीवालीताई रागावतील.

स्वतः ठरवून, स्वतःच्या हिमतीवर सफारी करायची तर केनिया कशाला? दक्षिण आफ्रिकेत क्रुगरला जा. विमानतळावर गाडी भाड्याने घ्यायची, डाव्या बाजूनेच चालवायची, आत डांबरी रस्ते, वेग ताशी ५० किलोमीटर, कच्च्या रस्त्यावर ४०. ना ड्रायव्हर, ना गाइड. क्रुगर साधारण १९,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे अकरा ताडोबे मावतील. स्कुकुझा, लोअर साबी, सतारा अशा सरकारी कॅम्पांत खोल्या मिळतात, बऱ्याच ठिकाणी चूल-भांडी असतात. ताईंच्या बहिणीला रोज मुगाची खिचडी करता येईल. ह्यांचं जेवणही वेळेवर.

वाघाच्या मागे जिप्सी पळवणाऱ्या गाइडचं ऐकायची सवय झालेल्या माणसाला पहिल्यांदा स्वतः सिंह सापडतो, त्याचं सुख वेगळं. पाणवठ्यावर इंजिन बंद करून बसा, कोणी "चला" म्हणत नाही.

अट दोन. गाडीतून उतरायचं नाही, म्हणजे नाहीच. आणि कॅम्पचं दार बंद व्हायच्या आत पोहोचायचं. ती वेळ महिन्यागणिक बदलते आणि उशीर झाला तर दंड होतो. खोल्यांचं बुकिंग कितीतरी महिने आधी करावं लागतं. व्हिसाची कागदपत्रं केनियापेक्षा जास्त लागतात, हे मान्य.

बर्डीवाली

@सातपुडा_फिरस्ता, रागावले नाही. क्रुगर छानच आहे. पण यांच्यात गाडी कोण चालवणार? ह्यांचा गुडघा दुखतो, भाऊजी लेन्समध्ये डोळा घालून बसणार, ताई नकाशा बघणार. सुट्टीवर जाऊन बहिणीने स्टिअरिंग धरायचं आणि वर खिचडीही करायची, ही कसली सहल? स्वतः ठरवून जाणं म्हणजे सगळं स्वतःच्या हाताने करणं नव्हे. विमान, हॉटेल, ईटीए (केनियात शिरायची ऑनलाइन परवानगी), दिवसांची आखणी आपली. गाडी मात्र ड्रायव्हरसकट.

आता तेच लिहिते.

चौघं आहात म्हणजे गाडी पूर्ण तुमची. शेअरिंगमध्ये जाऊ नका, अनोळखी माणसाला झोप आली की सगळ्यांनी परत फिरायचं, ही गोष्ट मी पाहिली आहे. पर्याय दोन: टप उघडणारी व्हॅन किंवा लांब केलेली लँड क्रूझर. व्हॅन स्वस्त आणि चढायला सोपी. लँड क्रूझर महाग, पण चिखलातून निघते आणि प्रत्येकाला खिडकी मिळते. तिची पायरी उंच असते. गुडघ्यासाठी लहान स्टूल ठेवायला आधीच मेलमध्ये लिहून द्या, बहुतेक जण आनंदाने ठेवतात. भाऊजींसाठी गव्हाची किंवा तांदळाची पिशवी मागा, म्हणजे लेन्स खिडकीवर टेकवता येईल. रिकामी पिशवी शिवून इथूनच न्या आणि तिथे तांदूळ भरा, हे सगळ्यात बरं.

कंपनी शोधताना केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्सची सभासद यादी उघडा, त्यातल्या तीन-चार जणांना शब्दन् शब्द एकच मेल पाठवा. उत्तरात चार आकडे वेगवेगळे मागा: गाडीचं दिवसाचं भाडं (डिझेल आणि ड्रायव्हरचं राहणं-खाणं धरून), पार्कची फी, तंबूचं भाडं, आणि नैरोबीतली ने-आण. जो "ऑल इनक्लुझिव्ह" म्हणून एकच गोल आकडा देतो आणि फोड विचारली की टाळतो, त्याला सोडा. फी तर जाहीर असते, ती कोणाला लपवायची असेल तर का?

त्याहून महत्त्वाचं, ड्रायव्हर. केनियात सफारी गाइडांची परीक्षा होते, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत. सिल्व्हर गाइड मागा, थोडे जास्त पैसे पडले तरी द्या. तंबू साधा घ्या, गाइड चांगला घ्या. आपण उलटं करतो. तंबूत अंघोळीला गरम पाणी आहे का हे दहा वेळा विचारतो आणि ज्याच्याबरोबर रोज दहा-अकरा तास बसायचं त्याचं नावही विचारत नाही.

पहिल्याच सकाळी त्याला सांगून टाका की आम्हाला यादी पूर्ण करायची नाही, थांबायचं आहे. नाहीतर तो बिचारा रेडिओ ऐकून ऐकून तुम्हाला बिग फाइव्ह (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा) दाखवायला पळत राहतो, कारण बाकीचे पाहुणे तेच मागतात. आणि गाडी रस्ता सोडून आत घालायला सांगू नका. रिझर्व्हमध्ये ते मना आहे आणि दंड होतो.

प्रवास विमा घ्याच. शिवाय अॅमरेफ फ्लाइंग डॉक्टर्सचं पर्यटकांसाठी थोड्या दिवसांचं कव्हर मिळतं. मारातून माणूस विमानाने नैरोबीच्या दवाखान्यात आणायचा तर ते उपयोगी पडतं. साठीचे दोघं आहेत, विचार करू नका.

नैवाशात एक दिवस हेल्स गेटला द्या. तिथे गाडीतून उतरून चालता येतं, सायकल मिळते, बाजूला झेब्रे आणि जिराफ चरत असतात. ताडोब्यात जिप्सीतून पाय खाली ठेवला तर गाइड ओरडतो, त्यामुळे सुरुवातीला फार चुकल्यासारखं वाटतं. गुडघेवाल्यांनी तळ्यात बोटीने फिरावं, पाणघोडे जवळून दिसतात.

कडबी_चौक

मोंबासा कापलं हे मला लागलं. आमच्या घरासमोर नॅरो गेज रेल्वेचं संग्रहालय आहे, मला रूळ दिसले की राहवत नाही.

नैरोबी-मोंबासा नवी गाडी २०१७ मध्ये सुरू झाली आणि ती त्सावोच्या जंगलातून जाते, खिडकीतून हत्ती दिसले तर दिसले. पण स्टेशन शहराबाहेर स्योकिमाऊला, सामानाची तपासणी कडक, त्यामुळे वेळ हाताशी ठेवून निघावं लागतं. चौघांच्या बॅगा आणि ती लेन्स घेऊन दोन रात्रींसाठी हा खटाटोप नको, इथपर्यंत मी बर्डीवालीताईंशी सहमत.

पण मग नैरोबीतलं रेल्वे संग्रहालय सोडू नका. मोंबासाहून व्हिक्टोरिया तलावापर्यंतचा जुना मार्ग १८९६ ते १९०१ मध्ये टाकला, त्यावर आपल्याकडून नेलेले सुमारे ३२ हजार मजूर राबले. १८९८ मध्ये त्सावो नदीच्या पुलाशी दोन नरभक्षक सिंहांनी काम बंद पाडलं होतं. ते सिंह आता पेंढा भरून शिकागोत आहेत. नैरोबीच्या संग्रहालयात मात्र तो डबा आहे ज्यातून १९०० साली किमा स्टेशनवर रायल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला सिंहाने ओढून नेलं. रायल तो सिंह मारायलाच डब्यात दबा धरून बसला होता आणि त्याला झोप लागली. तुमच्या बहिणीला सिंह हवा आहे ना, आधी हा डबा दाखवा.

ताईंना शहर हवंय तर नॅशनल म्युझियमही करा, तिथे तुर्काना बॉय आहे, सुमारे सोळा लाख वर्षांपूर्वीच्या मुलाचा सांगाडा. आणि नैरोबी नॅशनल पार्क, ११७ चौरस किलोमीटर, १९४६ पासून. गेंड्याच्या मागे शहरातले उंच टॉवर दिसतात. गोरेवाडा आठवतो, फक्त इथे सिंह मोकळे आहेत. पार्कची फी ऑनलाइनच भरावी लागते, गेटवर रोख घेत नाहीत.

संत्राबर्फी

सगळ्यांचे आभार. काल रात्री चौघांची व्हिडिओ कॉलवर बैठक झाली. दीड तास.

भाऊजी फेब्रुवारीला तयार नाहीत. "निम्म्या पैशात निम्मी नदी बघायची का," म्हणाले. त्यामुळे सप्टेंबरच. पण ह्यांनी बर्डीवालीताईंचा गेटच्या फीचा हिशेब कागदावर मांडून दाखवल्यावर अंबोसेली आणि नाकुरू दोन्ही आपोआप गळाले. आता असं आहे: नैरोबी दोन, नैवाशा दोन, मारा चार, नैरोबी एक. मोंबासा रद्द. कडबी_चौक यांचा डबा नक्की.

विमान नागपूरहूनच बघतेय. दोहाला थेट आहे, पुढे दोहा-नैरोबी. मुंबईहून नैरोबी सहा तासांत थेट होतं हे खरं, पण मुंबई गाठायची, तिथे मुक्काम शोधायचा, बॅगा पुन्हा तोलायच्या, त्यापेक्षा सोनेगावला, आमच्या नागपूरच्या विमानतळावर, बॅग दिली ती नैरोबीला घ्यायची.

उरलेले प्रश्न: बहिणीच्या जेवणाचं काय? चिवडा, गाकर, मेतकूट किती न्यायचं? आणि डॉलर किती?

बर्डीवाली

आता आराखडा दिसतोय. नाकुरू गेल्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. तळ्याचं पाणी वाढल्यापासून तिथले फ्लेमिंगोचे जुने गुलाबी थवे बरेचसे बोगोरियाकडे गेलेत. गेंडे आहेत, ते नैरोबीत बघाल.

जेवणाची चिंता सोडा. नैरोबीत गुजराती मंडळी तीन-चार पिढ्यांची आहेत. पार्कलँड्स भागात उतरलात तर थाळी, फरसाण, पानसुद्धा मिळेल. केनियन लोक स्वतःच चपाती आणि सामोसे खातात, चहा दुधाचा पितात. तंबूत आधी कळवलं की डाळ, भाजी, सुकुमा विकी म्हणजे त्यांची हिरवी पालेभाजी, सगळं करतात. तिखटाची मात्र आशा ठेवू नका. सावजी जिभेला सगळं आजाऱ्याचं जेवण वाटेल. ठेच्याची बाटली घट्ट बंद करून चेक-इनच्या बॅगेत टाका.

आणि हे नीट वाचा: केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगा बंद आहेत, दंड मोठा आहे. आपण चपला एका पिशवीत, ओले कपडे दुसऱ्या, चिवडा तिसऱ्या, असं भरतो. ते सगळं कापडी पिशव्यांत किंवा डब्यांत. रिझर्व्हमध्ये एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत, प्रत्येकाची स्टीलची बाटली न्या.

डॉलर नवे कोरे. जुन्या सालच्या नोटा, २००९ च्या आधीच्या, कोणी घेत नाही. थोडेसेच न्या, टिपसाठी आणि अडीअडचणीला; बाकी कार्डावर. विमानतळावर सफारीकॉमचं सिम घ्या. तिथे भाजीवालासुद्धा एम-पेसावर पैसे घेतो, २००७ पासूनचं आहे ते, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधीचं. प्लग तीन चौकोनी पायांचा लागतो, सीताबर्डीच्या बाजारात कुठेही मिळेल.

ईटीए सरकारी साइटवरूनच काढा. तशाच दिसणाऱ्या दलालांच्या साइट शोधात वर येतात आणि दुप्पट पैसे घेतात. फी साधारण तीस डॉलर, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग जोडावं लागतं.

टेकडी_गणेश

भाऊजींले विचारा, क्रॉसिंग नाही झालं तर काय कराचं? आत्ताच ठरवून घ्या, नाहीतर परतीच्या विमानात तोंड फुगवून बसतीन.

संत्राबर्फी

विचारलं. म्हणाले, तीनपैकी एक दिवस पूर्ण नदीवर बसणार, बाकी दोन दिवस बायकोच्या सिंहांना. लिहून घेतलंय, ग्रुपवर स्क्रीनशॉटही ठेवलाय.

मेडिकल_चौक, तुमच्या सांगण्याप्रमाणे भाऊजी अमरावतीला त्यांच्या डॉक्टरांकडे जाणार आहेत, त्यानंतरच तिकीट. आम्हा तिघांनी आधी लस घेतली तर चालेल ना? आणि केंद्रावर काय न्यायचं?

मेडिकल_चौक

तुमच्याही तब्येतीचा इतिहास तिथे विचारतीलच, तो लपवू नका. त्यात काही नसेल तर खुशाल घ्या. मूळ पासपोर्ट न्या, कार्डावर त्याचा नंबर लिहितात. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहिलंय ना ते तिथेच तपासा. कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा, पण विमानतळावर मूळ कार्डच दाखवावं लागतं, ते पासपोर्टच्या कव्हरमध्येच राहू द्या.